श्वासाची उधारी

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने नवीन काय करावे याविषयी आपल्याकडे काही ठरलेल्या कल्पना आहेत. त्याने पहाटे फिरायला जावे, जमल्यास प्राणायाम करावा, माळ्यावरची हार्मोनियम खाली काढून तिची धूळ झटकावी, आणि फारच हुरूप असेल तर चारधाम यात्रेच्या दरांची चौकशी करावी. आपल्या उंचीहून लांब अशा दोन अरुंद फळ्या पायांना अडकवून आल्प्समधल्या बर्फावरून बेचाळीस किलोमीटर जावे, असे त्या यादीत कुठेही नाही. त्यामुळे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी एंगाडीनच्या स्की-शर्यतीला नाव दिले तेव्हा आमच्या हिने जो पहिला प्रश्न विचारला, तो अगदी रास्त होता.

"यात मध्ये बसायला कुठे मिळतं का?"

मिळत नाही. स्की म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातले चित्र उभे राहते : नायक डोंगरमाथ्यावरून भर्रकन खाली येतो, बर्फाचा फवारा उडतो, आणि नायिका टाळ्या वाजवते. तिथे वर जायला विजेचा पाळणा असतो आणि खाली यायला गुरुत्वाकर्षण. आमचा प्रकार वेगळा. त्याला इकडे लांगलाउफ म्हणतात, म्हणजे लांब धावणे. यात पाळणा नाही. चढ आला की आपणच चढायचे. टाच मोकळी असते, फक्त बुटाचे टोक फळीला अडकवलेले, हातात खांद्यापर्यंत किंवा त्याहून उंच काठ्या. सिनेमावाले याकडे फिरकत नाहीत, कारण यात माणूस सुंदर दिसत नाही. घामाघूम होऊन, तोंड उघडे टाकून, नाक गळत असताना सुंदर दिसणे कठीणच.

एंगाडीन हे स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातले लांबट खोरे. इन नदी इथेच जन्म घेते आणि पुढे डॅन्यूबच्या संगतीने काळ्या समुद्रापर्यंत जाते. १९६९ सालापासून, एखाददुसरा अपवाद सोडला, तर दर मार्चच्या दुसऱ्या रविवारी या खोऱ्यात मालोयापासून श्चांफपर्यंत ही शर्यत होते. दहा हजारांहून अधिक माणसे त्यात उतरतात. सुरुवात सुमारे १८०० मीटर उंचीवर. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर; म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या माथ्यावर जिथे माणूस पेढा खाऊन, फोटो काढून परततो, त्याहून वर ही मंडळी धावायला लागतात. पहिला भाग गोठलेल्या तळ्यांवरून जातो आणि परातीसारखा सपाट आहे. मग सेंट मॉरिट्झपाशी, जिथे १९२८ आणि १९४८ ची हिवाळी ऑलिंपिक झाली, तिथे चढ लागतो, नंतर श्टात्सच्या रानातला वाकडातिकडा उतार, आणि दमलेल्या माणसाला छळण्यासाठीच जणू मुद्दाम राखून ठेवल्यासारख्या शेवटच्या टेकड्या.

माझी अडचण पायांची नव्हती. पाय मला वडिलांकडून मिळाले आहेत आणि ते रत्नागिरीच्या घाट्यांवर घडलेले आहेत. अडचण छातीची होती. मला लहानपणापासून दमा.

रत्नागिरीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको, की आषाढात तिथे भिंतींनाही सर्दी होते. कपाटातल्या कपड्यांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, आणि माझ्या छातीत मांजर. मांजर हा आईचा शब्द. रात्री मी उठून बसलो की ती येऊन माझ्या पाठीला कान लावी आणि बराच वेळ तशीच राही. "बोलतंय," ती म्हणे. मग अडुळशाचा काढा, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, आणि फारच बोलू लागले तर छत्री घेऊन डॉक्टर. शाळेत कवायतीच्या तासाला मी बाकावर. कबड्डीत मी गुण लिहिणारा. हे सारे सांगतो ते सहानुभूतीसाठी नव्हे. गुण लिहिण्यात मी फार तरबेज झालो होतो. पण बाकावर बसून दुसऱ्यांची धाव मोजणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, ते ज्याचे त्याला ठाऊक. पुढे नोकरीच्या निमित्ताने झुरिकला आलो, कोरड्या हवेत मांजर निजले, आणि वर्षानुवर्षे निजून राहिले. मेले नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी मी छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला नळीत फुंकायला लावले, धावायला लावले, पुन्हा फुंकायला लावले. मग त्यांनी जे सांगितले त्याने मी थोडा चकितच झालो. लांगलाउफच्या अव्वल खेळाडूंमध्ये दम्याचे प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्तच आढळते. ऑलिंपिकमध्ये १५ पदके मिळवणाऱ्या नॉर्वेच्या मारिट ब्योर्गेन यांनाही दमा. कारण साधे आहे. बाहेरची हवा गार आणि कोरडी. छातीला ती ऊबदार आणि दमट करून घ्यावी लागते. नाकाने सावकाश श्वास घेताना हे काम नाक करते. पण चढावर माणूस तोंडाने मिनिटाला ढीगभर हवा ओढतो, तेव्हा श्वासनळ्यांचे अस्तर सुकते, चिडते, आणि नळ्या आवळतात. मग शिट्टी.

त्यांनी अटी घातल्या. फवारा शर्यतीच्या पंधरा मिनिटे आधी. अर्धा तास हळूहळू अंग गरम करणे, एकदम धावायचे नाही. तोंडावर गळपट्टी. उणे पंधराच्या खाली गेले तर घरी. आणि चढावर कधीही, कोणत्याही कारणाने, धाप लागेपर्यंत जायचे नाही.

"तुमच्यासाठी चढ ही उधारी आहे," बाई म्हणाल्या. "आणि वर, उंचावर, व्याज जास्त."

ही उधारी फेडायला मला शिकवले ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त पोस्टमनने. वय बाहत्तर. जन्मभर डोंगरी गावांत पत्रे वाटली, ही शर्यत किती वेळा पुरी केली याचा हिशेब त्यांच्या बायकोने सोडून दिलेला. मी त्यांना मनातल्या मनात पोस्टमनबुवा म्हणतो. लांगलाउफ करणारे जास्त जगतात अशी इकडे एक म्हणच आहे. बुवा तिचा चालता-बोलता पुरावा होते.

मला वाटले होते, बुवा पहिल्याच दिवशी बर्फावर नेतील. तेव्हा मे महिना होता. बुवांनी मला जंगलातल्या एका चढावर नेले, हातात दोन काठ्या दिल्या आणि म्हणाले, चाल. आम्ही चाललो. पुढच्या आठवड्यात पुन्हा चाललो. जूनमध्ये त्यांनी मला चाके लावलेल्या आखूड फळ्या दिल्या आणि डांबरी रस्त्यावर ढकलले. झुरिकच्या उपनगरात ऐन उन्हाळ्यात, डोक्याला शिरस्त्राण घालून, काठ्या आपटत जाणारा सावळा गृहस्थ पाहून लहान मुले आयांचे हात घट्ट धरीत.

एका पायावर उभे राहणे ही या विद्येची बाराखडी. जुन्या पद्धतीत दोन्ही फळ्या बर्फातल्या समांतर खाचांमधून सरळ सरकतात. सत्तरच्या दशकात फिनलंडच्या पाउली सीटोनेन यांनी लांब शर्यतींत एक फळी खाचेत ठेवून दुसरीने बाजूला रेटा देण्याची युक्ती रूढ केली, १९८२ साली अमेरिकेच्या बिल कॉख यांनी तीच वापरून विश्वचषक जिंकला, आणि बघता बघता दोन्ही पायांनी तिरके रेटे देत जाण्याची, बर्फावर स्केटिंग केल्यासारखी, नवी पद्धतच निघाली. मी ती शिकत होतो. तिच्यात प्रत्येक क्षणी सगळा भार एकाच पायावर असतो. म्हणून मी दात एका पायावर घासू लागलो, ट्रामची वाट एका पायावर पाहू लागलो. ही म्हणाली, "विठोबा दोन पायांवर अठ्ठावीस युगं उभा आहे, तुमचं एकावर किती चालणार आहे?"

बुवांचे चढाचे शास्त्र मात्र ऐकण्यासारखे होते. चढ दिसला की माणूस घाबरून लांब लांब पाय टाकतो, लवकर संपावा म्हणून. ते चुकीचे. पाऊल आखूड करायचे, सायकलचा हलका गिअर टाकावा तसे. कमरेत वाकायचे नाही. घोट्यातून पुढे झुकायचे. नजर माथ्याकडे न्यायची नाही, पाच हात पुढे ठेवायची. आणि माथा आला की सगळे जण 'हुश्श' करून थांबतात, तिथे थांबायचे नाही. उतार फळीला धरेपर्यंत आणखी तीन-चार रेटे द्यायचे. "माथ्यावर थांबतो त्याचा चढ अजून संपलेला नसतो," असे ते म्हणत.

श्वास उधार जातो आहे की नाही हे कसे ओळखायचे? बुवांचे उत्तर : बोलून पाहायचे. सरावातला बहुतेक वेळ असा जायला हवा की माणसाला सहज बोलता येईल. पण त्यांची जर्मन बोली आणि माझी जर्मन यांची चढावर गाठ पडत नसे. म्हणून ते म्हणाले, तुझ्या भाषेत काहीही म्हण. मी पाढे म्हणू लागलो. शाळेत मास्तरांनी हातावर पट्ट्या मारून पाठ करून घेतलेले पाढे चाळीस वर्षांनी आल्प्सच्या पायथ्याशी उपयोगी पडले. अकरापासून सुरुवात, एकेक पाढा एका दमात. ऑगस्टमध्ये माझी मजल एकोणिसापर्यंत. दिवाळीच्या सुमारास, एका हातात काठी आणि खिशात चकली अशा स्थितीत, त्याच चढावर मी एकोणतीसचा पाढा मध्ये न अडखळता म्हटला. बुवांना त्यातले एक अक्षर कळले नाही, पण त्यांनी टोपी काढली.

डिसेंबरात बर्फ पडले आणि आम्ही आइन्झिडेल्नला जाऊ लागलो. तिथल्या मठात सावळ्या मेरीची प्रसिद्ध मूर्ती आहे. मी दर खेपेला तिला मनोमन नमस्कार करीत असे. वर्णसाधर्म्यामुळे म्हणा.

आता मेणाविषयी. फळ्या बर्फावर घसरतात त्या मेणामुळे. थंडी कडक तर कठीण मेण, हवा सौम्य तर मऊ मेण. ते इस्त्रीने वितळवून फळीच्या तळावर सोडायचे, पसरवायचे, थंड होऊ द्यायचे, आणि मग पट्टीने खरवडून जवळजवळ सगळे काढून टाकायचे, वर ब्रश मारायचा. इस्त्री हा शब्द ऐकताच हिने घरची इस्त्री उचलून कुलपात ठेवली. मी निराळी, खास मेणाची इस्त्री आणली आणि तळघरात संसार मांडला. एका संध्याकाळी ही खाली आली आणि पाहत उभी राहिली.

"एवढं लावलंत आणि आता सगळं काढताय?"

"हो."

"मग लावलंत कशाला?"

फळीच्या तळाच्या प्लॅस्टिकमध्ये मेण मुरते, वर राहिलेले नुसते आड येते, असे मी समजावून सांगितले. तिला ते चटकन पटले. मुरणे म्हणजे काय, हे लोणचे घालणाऱ्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. पूर्वी श्रीमंत हौशी मंडळी फ्लोरिनयुक्त महागडे मेण लावीत. ते शरीराला आणि पाण्यामातीला घातक म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाद झाले. जुन्या पद्धतीने जाणाऱ्यांना आणखी एक चिकट मेण लागते, क्लिस्टर नावाचे. ते बुवांच्या बोटांना लागले तेव्हा मला आमच्याकडचा फणसाचा चीक आठवला. मी खोबरेल तेल पुढे केले. बुवांची बोटे सुटली आणि त्या दिवसापासून खोबरेलाची एक बाटली त्यांच्या मेणाच्या पेटीत कायमची गेली.

आईला ही सगळी हकीगत हिच्याकडून कळत होती. आई आता पुण्याला धाकट्या भावाकडे असते, वय एक्क्याऐंशी. दर रविवारी फोन. ती मला काहीच म्हणेना, याचीच मला धास्ती वाटे. फेब्रुवारीत एकदा तिने मला सांगितले, "फोन सूनबाईकडे दे." दार लोटून दोघींचे अर्धा तास चालले. नंतर ही बाहेर आली ती एक ठराव घेऊन. शर्यतीच्या मध्यावर, २१ किलोमीटरला, पॉन्ट्रेझिना गाव लागते. अर्धी शर्यत धावणाऱ्यांची तीच शेवटची खूण. तिथे ही उभी राहणार. मी थांबायचे. ती ऐकणार. मांजर बोलत असेल तर मी तिथेच फळ्या काढायच्या, वाद नाही.

"तुला ऐकू येईल?" मी विचारले.

"आईंनी सांगितलंय कुठे कान लावायचा ते. डाव्या बाजूला, खांद्याच्या फऱ्याच्या खाली."

शर्यतीच्या आधीच्या बुधवारी आम्ही वर गेलो. सिल्सला दोन खोल्या, एक छोटी ओटी. पहिल्याच रात्री डाळ शिजेना. कुकर झुरिकला राहिलेला, साधे पातेले. उकळी तर खळाखळा फुटलेली, आणि डाळ पाहावी तर खड्यांसारखी. तिथे मला उंचीचा धडा जसा समजला तसा कोणत्याही पुस्तकात समजला नव्हता. १८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे चार-पंचमांश. म्हणून पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळीला पुरेशी आच पोचतच नाही. हवेत प्राणवायूचा वाटा तोच, शंभरात एकवीस. पण दाबच कमी, म्हणून प्रत्येक श्वासात माल कमी. शरीर यावर उपाय करते, मूत्रपिंडे रक्ताला निरोप धाडतात, तांबड्या पेशी वाढतात. पण त्याला आठवडे लागतात, आणि आमच्याकडे दिवस होते चार. तोवर काळीज जास्त ठोके देऊन भरपाई करते. पातेल्यावर झाकण ठेवून वर पाटा ठेवावा तसेच ते.

गुरुवारी मी एक बेताचा चढ निवडला आणि पाढे सुरू केले. एकोणतीस दूरच, सतरा सत्तेपाशी माझा दम सरला. मी थांबलो, गळपट्टी सारखी केली आणि हिशेब नवा केला. रविवारी सतराच्या वर जायचे नाही. त्या चार दिवसांत मी पाणी आणि चहा यांशिवाय फारसे काही केले नाही. वरची हवा इतकी कोरडी, की माणूस न कळत सुकत जातो. हिने गूळपापडीच्या वड्या करून आणल्या होत्या. त्या थंडीत दगड होऊ नयेत म्हणून आतल्या खिशात, अंगालगत ठेवायच्या, ही सूचनाही तिचीच.

रविवारी सकाळी मालोयाला उणे नऊ. हजारो माणसे कळपाकळपांनी उभी, पुढे नामांकित, मागे नवशिके, सगळ्यांत मागे मी. फवारा घेतला, अर्धा तास इकडेतिकडे सरकत राहिलो. भारतातर्फे लांगलाउफमध्ये २०१० साली ताशी लुंडुप आणि २०१८ साली जगदीश सिंग ऑलिंपिकला उतरले होते. त्यांची आठवण काढली. त्यांचा-माझा संबंध एवढाच, की दोघांइतकेच मलाही कुणी तिथे ओळखत नव्हते.

तळ्यांवरचा भाग मजेत गेला. सेंट मॉरिट्झच्या चढाला मात्र एवढी गर्दी, की माणसे रांग लावून चढत होती. युरोपीय मंडळी चडफडत होती. मी आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे रॉकेलच्या आणि रेशनच्या रांगेत काढलेला माणूस. प्रत्येक पावलाला थांबायला मिळत होते, श्वास घेता येत होता, आणि यात बसायला मिळत नाही ही हिची तक्रार निम्मी दूर झाली होती. सतरा सत्ते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे छत्तीस. पुढचा कोण तो वळून पाहायला लागला. पुढे रानातल्या उतारावर झाडांना गाद्या बांधलेल्या आहेत. खरोखरीच्या गाद्या. माणसे झाडांवर आदळतात म्हणून ही सोय, आणि ते पाहायला कडेला ही गर्दी, हातात वाफाळते पेले. मी एका गादीला भेटलो. ती चांगली होती.

पॉन्ट्रेझिनाला ही कुंपणाशी उभी होती. मी थांबलो. तिने मला पाठमोरा केला, अंगावरच्या क्रमांकाच्या कापडावरूनच डाव्या फऱ्याखाली कान टेकवला आणि एक कान बोटाने बंद केला. मागून येणारे वाट काढून जात होते. काहींनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या, त्यांना वाटले आलिंगन चालले आहे. मी सावकाश श्वास घेत होतो. तिथे उभे राहून मला पहिल्यांदाच भीती वाटली, चढाची नव्हे, ती काय म्हणेल याची. किती वेळ गेला कोण जाणे.

"जा," ती म्हणाली.

पुढचे एकवीस किलोमीटर सामेदान, बेव्हेर, ला पुंट, त्सुओत्स अशी गावे मागे टाकीत, वाऱ्याच्या मेहेरबानीने गेले. शेवटच्या टेकड्यांवर मी पाढे तेरावर आणले. तीन तास बावन्न मिनिटे. बुवा तासाभरापूर्वीच पोचून, कपडे बदलून, सूप पीत बसले होते.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. आईने उचलला आणि माझा आवाज ऐकताच म्हणाली, "सूनबाईकडे दे."

मी दिला.

"बोललं का गं?"

"नाही आई. बोललं नाही."

"दोन्ही बाजूंना ऐकलंस?"

"डाव्याच बाजूला ऐकलं. गर्दी होती."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "मग आता उजवीकडे ऐक," आई म्हणाली. "मी थांबते."